‘तारण हरवणे’, ‘तारण गमावणे’ की ‘तारणाला मुकणे’?

प्रश्न असा आहे : मंडळीच्या अभ्यासवर्गासाठी एक टिपण मराठीत आणायचे आहे. विषय, ख्रिस्ती विश्वासणारा माणूस एकदा झालेले तारण, म्हणजे देवाने पापातून केलेली सुटका, गमावू शकतो का. मसुद्यात कुठे ‘तारण हरवणे’ आहे, कुठे ‘तारण गमावणे’. बँकेत काम करणाऱ्या एका मित्राने तो वाचून विचारले, ‘हे सोनेतारणातलेच तारण का?’ तेव्हा शब्द कोणता घ्यावा, आणि ही दोन्ही तारणे एकच का?

मित्राची शंका मला फार आवडली, म्हणून आधी ती घेतो. ‘तारण’च्या मुळाशी संस्कृतातला तॄ धातू आहे, पार जाणे हा त्याचा अर्थ. तरणे, तारणे, तारक, तारू, तीर्थ, अवतार ही सगळी त्याच घरची माणसे. ‘देव तारी त्याला कोण मारी’ म्हणताना आपण हेच क्रियापद वापरतो. आता कर्जाकडे पाहा. मराठीत पैसा बुडतो, उधारी बुडते, बँकही बुडते. मग ज्याच्या जोरावर सावकाराचा पैसा बुडत नाही, त्याला तारण म्हणावे हे मला अगदी सहज वाटते. शब्द एकाच कुळातले आहेत. फरक पडतो तो पुढे.

गहाणातले तारण ही वस्तू असते. बांगड्या वजनकाट्यावर ठेवतात, पावतीवर ग्रॅम लिहितात, मोहोरबंद पिशवी तिजोरीत जाते. ख्रिस्ती तारण ही घटना आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात, 14व्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र पाण्यावर चालत निघतो, वारा पाहून भितो आणि बुडू लागतो. ‘प्रभूजी, मला वाचवा’ असे तो ओरडतो आणि येशू लगेच हात पुढे करून त्याला धरतो. इथल्या ‘वाचवा’ला मूळ ग्रीकमध्ये ‘सोझो’ हे क्रियापद आहे. रक्तस्रावाने बारा वर्षे पीडलेली स्त्री बरी झाली, तिथेही तेच. त्याचे नाम ‘सोतेरिया’, आणि त्याला मराठीत ‘तारण’. बुडणाऱ्याचा हात धरणारा कोणीतरी आहे, हे या शब्दात गृहीतच आहे.

म्हणून ‘हरवणे’ मला अजिबात पटत नाही. छत्री हरवते, किल्ली हरवते. कधी, कुठे हे आपल्याला कळतही नाही. तारण असे नकळत खिशातून पडते, असे या वादातली कोणतीच बाजू म्हणत नाही. टिपणातून तो शब्द काढाच. ‘गमावणे’ बरे, कारण त्यात माणसाची स्वतःची करणी येते. पण तारणाची मालमत्ता होते, ती होतेच.

याहून नेमके क्रियापद मराठी बायबलमध्येच आहे. गलतीकरांस पत्रात, 5व्या अध्यायाच्या 4थ्या वचनात, मोशेचे नियमशास्त्र पाळून नीतिमान ठरू पाहणाऱ्यांना प्रेषित पौल म्हणतो, ‘तुम्ही कृपेला अंतरला आहात.’ काय शब्द निवडला आहे! मूल आईला अंतरते, माणूस घरादाराला अंतरतो. अंतरताना वस्तू जात नाही, नाते तुटते. ‘मुकणे’ याच जातीचे. तेही ‘ला’ घेते. जिवाला मुकणे, लेकराला मुकणे.

आता वादाबद्दल. प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या परंपरेतल्यांनी 1618-19 मध्ये नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या धर्मसभेत ठरवले, की देवाने निवडलेले पडतील, धडपडतील, पण शेवटी टिकतीलच, कारण टिकवणारा तो आहे. मेंढरांना माझ्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही, हे योहानातले शब्द त्यांचा मोठा आधार. त्यांच्या विरोधातल्या, डच धर्मपंडित आर्मिनियसच्या अनुयायांनी 1610 मध्ये हा मुद्दा आणखी तपासायचा म्हणून मोकळा ठेवला होता. पुढे मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याने मात्र विश्वासणारा खरोखर पतित होऊ शकतो असे मानले. इब्री लोकांस पत्राच्या 6व्या अध्यायातला, पतन पावलेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणे अशक्य, हा इशारा त्या बाजूने नेहमी पुढे येतो. आपल्याकडे मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) याच वळणाची आहे. तिच्या 11 सिद्धान्तांपैकी 9वा सांगतो, की तारलेल्या स्थितीत राहणे हे ख्रिस्तावरच्या सतत आज्ञाधारक विश्वासावर अवलंबून आहे. कॅथलिकांनी 1547 मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेत म्हटले, की गंभीर पापाने कृपा जाते, पण पापकबुलीच्या संस्कारातून ती परत मिळू शकते.

‘गमावता येत नाही’ म्हणणाऱ्यांच्या मदतीला मराठीतला आणखी एक व्यवहारी शब्द येतो : विसार. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात पवित्र आत्म्याला ‘आपल्या वतनाचा विसार’ म्हटले आहे. घराचा सौदा ठरला की घेणारा विसार देतो आणि स्वतःला बांधून घेतो. तो फिरला तर त्याचा विसार बुडतो. इथे विसार देणारा देव आहे. म्हणजे बांधलेला कोण, हे विसारपावती माहीत असलेल्या मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही.

दुसऱ्या बाजूला ‘जो शेवटपर्यंत टिकून राहील तोच तरेल’ हे मत्तयातले वचन आहे. ‘तरेल’, भविष्यकाळ. मला वाटते तुमच्या टिपणात सर्वांत जास्त जागा या काळांना द्यावी. इफिसकरांस पत्रात तारण ‘झालेले आहे’, करिंथकरांस पहिल्या पत्रात ते ‘होत आहे’, इथे माणूस पुढे ‘तरेल’. तारण ही वस्तू धरली तर ही तिन्ही विधाने एकमेकांत अडकतात. प्रवास धरला तर अडकत नाहीत.

प्रेषितांच्या कृत्यांत, 27व्या अध्यायात तसा खराच प्रवास आहे. वादळात सापडलेल्या तारवात 276 माणसे आहेत. पौल आधी सांगून बसला आहे, की कोणाच्याही जिवाची हानी होणार नाही. तरी खलाशी नांगर टाकण्याच्या मिषाने तारवावरची छोटी होडी पाण्यात सोडून तिच्यातून पळू पाहतात तेव्हा तोच शताधिपतीला, म्हणजे रोमी शिपायांच्या नायकाला, सांगतो, हे लोक तारवात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. क्रियापद पुन्हा ‘सोझो’. शिपाई होडीचे दोर कापतात. तारू फुटते, कोणी पोहत, कोणी फळ्यांवर, पण सगळे किनाऱ्याला लागतात. वचन आधी दिले होते आणि अटही खरीच होती. हा उतारा टिपणात जरूर घ्या.

शीर्षक मी असे करीन : ‘विश्वासणारा तारणाला मुकू शकतो का?’ आत जिथे नाते तुटण्याचा मुद्दा येईल तिथे ‘कृपेला अंतरणे’, आणि इब्रीच्या चर्चेत ‘पतन’. ‘गमावणे’ एखाददुसऱ्या ठिकाणी राहिले तर चालेल, लोकांच्या तोंडी ते आहेच.