ग्राफीनसारख्या एक अणू जाडीच्या पदार्थात दोष असले, तर तो विषारी वायू ओळखायला जास्त उपयोगी कसा?

दोष म्हटलं की खराब माल, हेच आपल्या डोक्यात येतं, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. मी असे वायू ओळखणाऱ्या सेन्सरवर काम करते आणि अगदी निर्दोष तुकडा हाती आला, तर तो मला बाजूला ठेवावा लागतो.

ग्राफीनमध्ये प्रत्येक कार्बन अणू तीन शेजाऱ्यांना घट्ट धरून असतो. चौथ्याला धरायला हात मोकळा नसतो. कार्बन मोनॉक्साइडचा रेणू येतो, टेकतो, निघून जातो. 2007 मध्ये मँचेस्टरच्या गटाने ग्राफीनवर नायट्रोजन डायऑक्साइडचा एकेक रेणू बसता-उठताना टिपला, तेव्हा सगळ्यांना वाटलं की काम झालं. पण 2009 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ग्राफीनवर सेन्सर बनवताना राहिलेला पॉलिमरचा (प्लास्टिकसारख्या पदार्थाचा) थर तापवून साफ केला आणि प्रतिसाद पार घसरला. वायू धरून ठेवण्यात त्या मळाचाच मोठा हात होता!

मग तो हात पदार्थालाच द्यायचा. मॉलिब्डेनम डायसल्फाइड हा मॉलिब्डेनम धातू आणि गंधक यांचा असाच अतिपातळ पदार्थ. त्यातून प्लाझ्माने (विद्युतभारित वायूने) किंवा निर्वातात तापवून गंधकाचे काही अणू उडवले, की खालचं मॉलिब्डेनम उघडं पडतं. हाच तो दोष. नायट्रोजन डायऑक्साइड तिथे बसून इलेक्ट्रॉन ओढून घेतो, विद्युतरोध वाढतो, आणि आपण तोच मोजतो.

खरी डोकेदुखी पुढे आहे. वायू बंद केल्यावर स्क्रीनवरची रोधाची रेषा खाली यायला लागते आणि मध्येच अडकते. रेणू सुटतच नाही. अतिनील प्रकाश टाकला किंवा थोडं तापवलं, की रेषा हळूहळू मूळ जागी येते. शिवाय त्या मोकळ्या जागांवर हवेतला ऑक्सिजनही हक्क सांगतो, आणि एकदा तो बसला की जागा कायमची गेली. दोष फार केले तर विद्युतप्रवाहच धड वाहत नाही.

हे मी जीव तोडून करते ते मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या माणसांसाठी. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो खरा, पण प्रमाण साधारण 100 पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) पोचलं की नाकच बधिर होतं आणि माणसाला वाटतं, वायू गेला. तिथली हवा ओलसर असते, आणि पाण्याचे रेणूही त्याच जागांवर येऊन बसतात. म्हणून या विषयावरचा शोधनिबंध वाचताना संवेदनशीलतेच्या आकड्याआधी बघा, चाचणी कोरड्या नायट्रोजनमध्ये केली होती की दमट हवेत.