कोळ्याच्या विषातून औषध शोधायचंय? आधी एवढं कर

विषय सुंदर निवडलास! फक्त बोरिवलीच्या नॅशनल पार्कातून कोळी पकडून आणू नकोस. परवानगीशिवाय तो गुन्हा आहे, आणि आत्ता तुला विष लागणारही नाही.

आधी पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) आणि आयन चॅनेल (पेशीच्या आवरणातली, विद्युतभारित कण आत-बाहेर सोडणारी दारं) समजून घे. कोळ्याच्या विषात शेकडो पेप्टाइड असतात; त्यातलं एखादंच नेमका हवा तो चॅनेल अडवतं. ऑस्ट्रेलियातल्या फनेल-वेब कोळ्याचं ‘एचआय१ए’ हे पेप्टाइड घे. पक्षाघातात (स्ट्रोकमध्ये) मेंदूच्या पेशी मरतात, त्यात हात असलेला एएसआयसी१ए चॅनेल ते रोखतं. महिनाभर हा एकच रेणू धरून बस, खरंच.

नवखे हमखास चुकतात ते इथे: उंदरांवर गुण आला की ‘औषध सापडलं’ म्हणतात. पण औषध व्हायला वर्षं लागतात: शंखगोगलगाईच्या विषावरून बनलेल्या झिकोनोटाइड या वेदनाशामकाला अमेरिकेत २००४ साली मान्यता मिळाली, तीही वीसेक वर्षांच्या कामानंतर. मास स्पेक्ट्रोमेट्रीचं (वस्तुमानावरून रेणू ओळखायच्या तंत्राचं) नंतर बघू.