पोकेमॉनच्या डबल्स स्पर्धेसाठी ईव्ही एकेक मोजून लावावेत, की २५२-२५२-४ टाकून मोकळं व्हावं?

ईव्ही म्हणजे पोकेमॉनच्या अटॅक, स्पीड, एचपी (जीव) अशा स्टॅट्समध्ये आपण वाटायचे वाढीव आकडे, आणि २५२-२५२-४ म्हणजे दोन स्टॅट्समध्ये पुरेपूर २५२ आणि उरलेले ४ तिसऱ्यात. ते टाका आणि खेळायला लागा, असं सांगणारे तुम्हाला ढिगानं भेटतील. त्यातला एक माझ्या घरातच आहे, सख्खा मोठा भाऊ. म्हणून हा प्रश्न दिसल्यावर मला गप्प बसवेना. तुम्ही विचारलंय की ईव्ही मोजत बसण्याचा वेळ वसूल होतो का. होतो. पण माझा पहिल्या खेपेला व्याजासकट बुडाला होता, आणि तो किस्सा सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

स्कार्लेट-व्हायोलेट या पोकेमॉन खेळातली गोष्ट. माझ्या संघात गारचॉम्प नावाचा पोकेमॉन होता. जॉली (स्पीड १० टक्क्यांनी वाढवणारं नेचर, म्हणजे स्वभाव), रफ स्किन (अंगाला भिडणाऱ्याला ओरबाडणारी क्षमता), हातात लाइफ ऑर्ब (घाव वाढवणारी, पण आपलाही थोडा जीव खाणारी वस्तू). ईव्ही चारचौघांसारखे, २५२ अटॅक, २५२ स्पीड, ४ एचपी. लेव्हल ५० ला त्याचा स्पीड होतो १६९ आणि एचपी १८४. ऑनलाइन स्पर्धेच्या आदल्या रात्री मी स्पीडचा तक्ता उघडून बसलो आणि मला अक्कल सुचली. बेस स्पीड (मुळातला स्पीड) १०० वाले, म्हणजे सॅलमेन्स, व्होल्कारोना, चॅरिझार्ड, काहीही केलं तरी १६७ च्या वर जात नाहीत. म्हणजे मला १६८ पुरे. तो १६९ वा गुण फक्त समोर दुसरा गारचॉम्प आला तर कामाचा, आणि तिथंही १६९ विरुद्ध १६९ म्हणजे शेवटी छापा-काटाच. त्यासाठी ८ ईव्ही कशाला अडकवायचे? स्पीड २४४ वर आणला, सुटलेले ८ एचपीत घातले, १८४ चे १८५ झाले.

दादा शेजारी बसून बघत होता. "एका एचपीनं काय होणारे?" म्हणाला. मी म्हणालो, "तुला नाही कळायचं, दादा." हे वाक्य तेव्हापासून मला इतक्या वेळा परत ऐकवलं गेलंय की विचारू नका.

स्पर्धेत चौथ्या फेरीत तिसऱ्या आणि निर्णायक डावात मैदानावर उरले दोनच. माझा गारचॉम्प आणि त्याचा गारचॉम्प. टेरा (डावात एकदाच मिळणारा प्रकार-बदल) दोघांचाही आधीच खर्च झालेला, टेलविंड (काही फेऱ्या स्पीड दुप्पट करणारी चाल) संपलेला. त्याच्याकडेही लाइफ ऑर्ब. प्रोटेक्ट करून मरण एक फेरी पुढं ढकलता येतं, ते मी ढकललं. मग दोघांनी ड्रॅगन क्लॉ हा घाव दाबला. तो आधी हलला. माझा गारचॉम्प जाता जाता रफ स्किननं त्याचा आठवा हिस्सा ओरबाडून गेला, पण गेला. डाव संपल्यावर मी त्याला विचारलं, स्पीड पूर्ण ठेवला होतास का? उत्तर आलं, "गारचॉम्पला कमी कोण ठेवतं?"

मी ठेवतो.

आता यातला खरा झोंबणारा भाग. हरलो याचं मला फार वाटलं नाही, १६९ असता तरी निम्म्या वेळा हरलोच असतो. झोंबलं ते नंतर हिशेब केल्यावर. पूर्ण अटॅकचा जॉली गारचॉम्प, लाइफ ऑर्बसह, माझ्या ११५ डिफेन्सवर ड्रॅगन क्लॉ मारतो तेव्हा सगळ्यात हलका रोल (एकाच घावाचे कमीजास्त जोराचे १६ आकडे असतात, त्यातला दरवेळी एक पडतो, तो रोल) १८७ चा बसतो. सगळ्यात हलका! माझ्याकडे १८५. म्हणजे १८४ असते काय आणि १८५ असते काय, गेलोच असतो. बरं, दुसरीकडे कुठं त्या एका एचपीचा उपयोग? बर्न झालं तर सोळावा हिस्सा जातो, १८४ चाही ११ आणि १८५ चाही ११. लाइफ ऑर्ब दहावा हिस्सा खातो, दोन्हीकडे १८. मी स्पीडचा एक गुण देऊन जे विकत घेतलं त्याची किंमत शून्य होती, आणि हे सगळं मला आदल्या रात्री डॅमेज कॅल्क्युलेटरमध्ये (घाव किती बसेल ते सांगणाऱ्या साधनात) पाच मिनिटांत दिसलं असतं. मी कॅल्क्युलेटर उघडलाच नव्हता. मी फक्त तक्ता बघून हुशारी केली होती.

दादानं यातून काढलेला निष्कर्ष असा की हिशेबच नको. त्याचं आवडतं उदाहरण पाचिरिसू. २०१४ ची जागतिक स्पर्धा, वॉशिंग्टन, से जुन पार्क, सहाही बेस स्टॅट्सची बेरीज जेमतेम ४०५ असलेलं ते खारीसारखं पोकेमॉन घेऊन तो जगज्जेता झाला. "त्यानं काय ईव्ही मोजत रात्र काढली होती?" असं दादा विचारतो, जणू पार्क पाचिरिसूवर जीव जडला म्हणून त्याला घेऊन आला होता. अरे, त्या पाचिरिसूचं काम होतं फॉलो मी करून मार स्वतःवर ओढून घेणं. ज्याला मार खायलाच आणलंय त्याला किती मार बसेल हे न मोजता त्या पातळीवर कोण आणेल? दादाचं पाचिरिसूचं उदाहरण खरं तर माझ्याच बाजूचं आहे, हे मी त्याला किती वेळा सांगितलं याची गणती नाही.

असो. मोजायचं म्हणजे नेमकं काय, ते माझ्याच गारचॉम्पवर दाखवतो.

हरल्यानंतरच्या आठवड्यात मी उलटीकडून सुरुवात केली. एचपी किती करू, डिफेन्स किती करू असं विचारायच्या ऐवजी, मी कोणाच्या कोणत्या घावानं मरतोय हे आधी लिहून काढलं. एक नाव सारखं येत होतं. अ‍ॅडमंट (अटॅक वाढवणाऱ्या नेचरचा) गारचॉम्प, चॉइस स्कार्फ ही स्पीड वाढवणारी वस्तू लावलेला. त्याचा स्पीड १५४, स्कार्फनं दीडपट होऊन २३१, म्हणजे टेलविंड नसेल तर माझ्या आधी तो हलणारच. अटॅक पुरता २००. त्याचा ड्रॅगन क्लॉ माझ्या जुन्या १८४ एचपी, ११५ डिफेन्सवर १५८ ते १८८ बसतो. १६ रोलपैकी वरचे दोन, १८६ आणि १८८, मारतात. बाकी १४ मध्ये मी वाचतो.

हे दोन रोल पुसायचे तर काय करावं लागेल? डोक्यात पहिलं येतं एचपी. १८९ एचपी हवेत, म्हणजे एचपीत ४४ ईव्ही. महाग आहे. मग डिफेन्समध्ये एकेक टप्पा चढवत गेलो. ४ ईव्हीला ११६ झाला, १८६ चा रोल उरलाच. १२ ला ११७, काहीच फरक नाही, आकडा तोच. २० ला ११८, आणि वरचा रोल एकदम १८२ वर घसरला. माझे एचपी एकही ईव्ही न टाकता १८३. म्हणजे ४४ ईव्हीचं काम २० मध्ये, आणि वाचतो तो एका एचपीनं! मी रात्री एकटाच खुर्चीत टाळी वाजवली, हे कबूल करतो.

असे टप्पे पडतात कारण प्रत्येक पायरीला खेळ अपूर्णांक कापून टाकतो. बहुतेक लोक इथंच फसतात. त्यांना वाटतं ८ ईव्ही म्हणजे १ गुण, १ गुण म्हणजे थोडी जास्त सुरक्षितता, अशी सरळ चढण आहे. तशी नाहीये. जिना आहे. १२ ईव्ही टाकलेत आणि पुढच्या पायरीपर्यंत पोचला नाहीत तर ते १२ गटारात गेले. अनुकूल नेचरच्या स्टॅटमध्ये तर आणखी गंमत. जॉली गारचॉम्पचा स्पीड २१२ ईव्हीला १६३ आणि २२० ला थेट १६५, कारण नेचरच्या आधीचा आकडा १४९ वरून १५० वर गेला की १० टक्क्यांचा पूर्ण गुण पदरात पडतो. २१२ वर थांबणारा माणूस फुकटचा गुण रस्त्यात टाकून येतो.

आता २० ईव्ही आणायचे कुठून? स्पीडला हात लावायचा नाही, तो धडा महागात घेतला होता. मूळचे एचपीतले ४ होतेच, बाकीच्या १६ साठी उरला अटॅक. २५२ चे २३६ केले. अटॅक १८२ वरून १८० वर आला. इथं दादा जिंकल्यासारखा हसला, "घे, दोन गुण घालवलेस." मी कॅल्क्युलेटर त्याच्यापुढं केला. ११५ डिफेन्सच्या गारचॉम्पवर १८२ नं मारलं तर जे आकडे येतात, तेच, सोळाच्या सोळा, १८० नं मारल्यावर येतात. तिकडंही जिनाच आहे, आणि मी उतरलो ते दोन गुण त्याच पायरीवरचे होते. दुसऱ्या कुणावर फरक पडेलही, पण माझ्या यादीतल्यांवर पडत नव्हता, तेवढं मी तपासलं होतं.

प्रत्यक्ष बदल करायला पाच मिनिटं लागतात, पोकेमॉन नव्यानं वाढवू नका. एचपीतले १२ काढायला २ पोमेग बेरी. अटॅकसाठी २ केल्प्सी बेरी, २५२ चे २३२ होतात, मग वर ४ मसल फेदर. डिफेन्सला आयर्नच्या २ बाटल्या. स्पीड परत २५२ ला न्यायला ८ स्विफ्ट फेदर. २३६, २०, २५२, बेरीज ५०८.

आणि मग तो दिवस आला. पुढच्याच महिन्यातली स्पर्धा, समोर स्कार्फवाला गारचॉम्प. तो आधी हलला, ड्रॅगन क्लॉ, माझी पट्टी घसरत घसरत लाल झाली आणि थांबली. ७ एचपी. माझ्या गारचॉम्पनं उलटा ड्रॅगन क्लॉ मारून त्याला संपवलं. त्याच्या रफ स्किननं मग माझाही जीव घेतला, पण सौदा एकास एक झाला. एरवी मी एक गमावून बसलो असतो आणि त्याचा गारचॉम्प रफ स्किनचा ओरखडा सोसून उभाच राहिला असता. डाव मी जिंकलो. उठून दादाच्या खोलीत गेलो आणि फक्त म्हणालो, "वीस ईव्ही."

तो काही बोलला नाही. अर्ध्या तासानं मोबाइल घेऊन आला. स्क्रीनवर डॅमेज कॅल्क्युलेटर. "७ उरले ना तुझे? म्हणजे १७६ बसले. म्हणजे रोल वरून तिसरा नाहीतर चौथा. तेच रोल जुन्या गारचॉम्पवर १८२ बसतात. जुने एचपी १८४. तू तसाही वाचला असतास."

मी तपासलं. बरोबर होतं. १ किंवा ३ एचपी उरले असते तर श्रेय माझं होतं, ७ उरले म्हणजे नशीब. वर्षानुवर्षं ज्या माणसानं हिशेबाला शिव्या घातल्या त्यानं पहिल्यांदा बसून रोल मोजले, ते मला खोटं पाडायला, आणि एकही चूक न करता. यात नक्की कोण जिंकलं यावर आमचं अजून एकमत नाही. माझ्या मते उत्तर उघड आहे.

तर तुमच्या प्रश्नाकडं. संघ नवीन असेल, अजून कोणाकडून मरताय हेच माहीत नसेल, तर २५२-२५२-४ नंच सुरू करा. हे लिहिताना माझे दात ओठांवर आहेत, पण खरं आहे. पन्नास-एक डाव खेळा, ज्यानं ज्यानं मारलं त्याची नावं लिहा, आणि सगळ्यात जास्त वेळा आलेल्या एका नावासाठी बदल करा. एकाच. चार घावांसाठी एकदम ईव्ही वाटायला गेलात तर चारही ठिकाणी जिन्याच्या मधल्या पायरीवर लटकाल. इन्सिनरोरसारख्या हळू, मार खाणाऱ्या पोकेमॉनमध्ये मोजण्याचा फायदा जास्त दिसतो, कारण तिथं वाटायला ईव्ही मोकळे असतात. गारचॉम्पसारख्यात हाताशी वीस-तीसच येतात.

दुसऱ्याचे तयार ईव्ही उचलणार असाल तर ते कशासाठी लावलेत हे कळल्याशिवाय उचलू नका. माझे हे २३६-२०-२५२ सुद्धा स्कार्फवाल्या गारचॉम्पची चलती होती म्हणून. समोर बर्फवाले जास्त येत असतील तर ते २० तिथं नुसते बसून राहतील, आईस बीम स्पेशल डिफेन्सवर बसतो, त्याच्यापुढं साध्या डिफेन्सला कोण विचारतो? आणि वर मी १६८ ची गोष्ट सांगितली त्यात आणखी एक घोळ होता, तो मला फार उशिरा कळला. इन्कार्नेट लँडोरसचा बेस स्पीड १०१, पूर्ण वाढवला तर बरोबर १६८. म्हणजे मी त्याच्याशीही छापा-काटा करून ठेवला होता.

शिवाय क्रिटिकल. २४ मध्ये एकदा लागतो, घाव दीडपट होतो, आणि माझे २० ईव्ही त्याला अडवू शकत नाहीत. हा मुद्दा दादाच्या अजून लक्षात आलेला नाही, त्यामुळे तो ही साइट वाचत नाही हे बरंच आहे.