पहिली आवृत्ती की पहिले मुद्रण?

फोंड्याहून एका वाचकाने विचारले आहे: जुन्या इंग्रजी पुस्तकांच्या विक्रीच्या यादीत एक प्रत 'प्रथमावृत्ती' म्हणून दाखवली होती. हातात आल्यावर आत दिसले, 'पहिली आवृत्ती १९८२, तिसरे पुनर्मुद्रण १९८५'. तिला प्रथमावृत्ती म्हणायचे का?

शब्दशः पाहिले तर म्हणता येते, पण संग्राहकाला ती प्रत प्रथमावृत्ती म्हणून विकू नये. 'आवृत्ती' हा शब्द मजकुराचा आहे. मजकुरात लक्षणीय फेरफार झाला, प्रकरणे वाढली किंवा गळली की नवी आवृत्ती. 'मुद्रण' हा शब्द छपाईचा. तोच मजकूर पुन्हा यंत्रावर चढला की नवे मुद्रण, आवृत्ती तीच. म्हणजे एका आवृत्तीची दहा मुद्रणेही होऊ शकतात. संग्राहकाला मात्र पहिल्या आवृत्तीचे पहिले मुद्रण हवे असते आणि 'प्रथमावृत्ती' या एकाच शब्दात तो हे दोन्ही गृहीत धरतो. गोंधळ होतो तो इथेच.

इंग्रजी ललितेतर पुस्तकांत हे शोधायला शीर्षकपानाच्या मागचे पान पाहावे. तिथे बहुधा आकड्यांची एक ओळ असते: १० ९ ८ ७ ६ ५ ४ ३ २ १. त्यातला सर्वांत लहान आकडा म्हणजे त्या प्रतीचे मुद्रण. दर छपाईला एक आकडा काढून टाकायचा, कारण नवे जुळवण्यापेक्षा काढणे सोपे. काही ओळींत आकडे मागेपुढे मांडलेले असतात, पण नियम तोच, सर्वांत लहान आकडा बघायचा. 'रँडम हाउस' या अमेरिकी प्रकाशनसंस्थेची रीत मात्र बरीच वर्षे वेगळी होती. तिथे पहिल्या मुद्रणावर 'प्रथमावृत्ती' हे शब्द आणि २पासून सुरू होणारी ओळ असे. दुसऱ्या मुद्रणाला ते शब्द काढले जात. हे ठाऊक नसलेला माणूस अस्सल प्रत दुसरे मुद्रण समजून परत ठेवून देतो, याचे मला फार वाईट वाटते.

जॅकेटच्या, म्हणजे पुस्तकावरच्या सुट्या कागदी वेष्टनाच्या, आतल्या घडीवर किंमत छापलेली नसेल तर ती बुक क्लबची, म्हणजे वाचक-योजनेच्या सभासदांसाठी वेगळी छापलेली, प्रत असण्याचा संशय घ्यावा. मात्र कोपरा कापलेला असेल तर किंमत कोणी तरी कापून टाकलेली असू शकते.

आपल्या मराठी पुस्तकांत अडचण निराळी. स्वल्पविरामही न बदलता 'दुसरी आवृत्ती' छापतात आणि नवी प्रस्तावना जोडूनही 'पुनर्मुद्रण' म्हणतात. म्हणून त्या पानावरच्या शब्दावर न विसंबता प्रस्तावना वाचावी. 'दुसऱ्या आवृत्तीच्या निमित्ताने' असा मजकूर असेल तर काय बदलले ते लेखकच सांगतो. साल शकात असेल तर त्यात ७८ मिळवावे, जानेवारी ते गुढीपाडव्याच्या आधीपर्यंतच्या मितीला ७९. पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयासारख्या जुन्या संग्रहांत आणखी एक आधार मिळतो, तो दाखल नोंदीचा, म्हणजे प्रत ग्रंथालयात आली त्या तारखेचा. प्रत त्या तारखेनंतर छापलेली असूच शकत नाही.

गोव्याचेच उदाहरण घ्या. कोसबेंला जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारे इंग्रजी पुस्तक मुंबईत १९५६ साली निघाले. १९७५मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर, दुसरी आवृत्ती आली. अभ्यासकाला दोन्ही लागतात, संग्राहकाला १९५६ची.

तुमच्या प्रतीची नोंद मी अशी लिहीन: 'पहिली आवृत्ती १९८२, तिसरे पुनर्मुद्रण १९८५'. म्हणजे आत छापले आहे तेच, पूर्ण. विक्रेत्याने यातला उत्तरार्ध गाळला असेल तर किंमत कमी करून मागण्याचा तुम्हाला पुरता हक्क आहे.