घरच्यांना वर नेण्याआधी

विमानाचं पहिलं सोलो, म्हणजे शिक्षकाशिवाय एकट्याने उड्डाण, झाल्याबद्दल अभिनंदन! आता घरच्यांना वर न्यायची घाई होणारच, पण आधी लायसन्स हातात येऊ दे. विद्यार्थी असताना प्रवासी नेता येत नाहीत.

नेशील तेव्हा सकाळी लवकर ने. बारामतीकडे उन्हाळ्यात जमीन तापली की सेसना १७२ हे छोटं विमान एसटीच्या मागच्या सीटसारखं आपटतं. वडिलांना मी नेमकं भर दुपारी नेलं. उतरल्यावर ते फक्त "हं" म्हणाले आणि पुढची तीन वर्षं तिकडे फिरकले नाहीत. चूक माझीच.

आईचं वेगळं. पंखातल्या टाकीतून इंधन काढून त्यात पाणी उतरलंय का बघत होतो, ती शेजारी उभी. "हे दर वेळी बघतोस का रे?" म्हटलं, दर वेळी. नळीतल्या त्या निळसर इंधनाने तिची जेवढी भीती गेली, तेवढी माझ्या सुरक्षिततेच्या आकडेवारीने कधीच गेली नव्हती.

पहिली फेरी पंधरा मिनिटांची, वळणं हलकी. पॉवर कमी करण्याआधी सांग, नाहीतर त्यांना वाटतं इंजिन बंद पडलं. आणि कोणी नको म्हणालं तर आग्रह धरू नकोस. माझी बायको अजून एकदाही बसलेली नाही, पण माझ्या लॉगबुकला, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीला, कव्हर तीच घालते.