फर्लो झालेल्या पायलटला एअरलाइन खरंच परत बोलावते का? किती वाट बघायची?

तुम्ही लिहिलंय की मिस्टरांना अमेरिकेतल्या त्यांच्या एअरलाइनने फर्लो करून सात महिने झाले, दुसरी नोकरी बघायला ते तयार नाहीत, 'रिकॉल येईल' एवढंच म्हणतात. तो येतो का आणि तोवर घर कसं चालवायचं, हे तुम्हाला कळत नाहीये. मीही तिथल्याच एका मोठ्या एअरलाइनमध्ये पायलट आहे. दोनदा फर्लो झालो, दोन्ही वेळा परत गेलो. पहिल्यांदा पाच वर्षांनी, दुसऱ्यांदा चार वर्षांनी. म्हणजे रिकॉल येतो. पण तारीख कुणीच सांगू शकत नाही, आणि जो छातीठोकपणे सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

आपल्या वर्तमानपत्रांत फर्लो म्हणजे कैद्याला मिळणारी रजा, त्यामुळे नातेवाइकांना हे समजावताना तुमची दमछाक होत असणार. इथे फर्लो म्हणजे पगार बंद, पण सीनिऑरिटी लिस्टमधलं नाव कायम. पायलटचं सगळं आयुष्य त्या यादीवर चालतं. कुठलं विमान, कॅप्टन की फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक), सुट्टी कधी, सगळं नंबरवर ठरतं. कपात यादीच्या तळापासून सुरू होते, शेवटी आलेला पहिला बाहेर. परत बोलावताना उलटं: बाहेर पडलेल्यांत जो सगळ्यात वर, तो आधी आत. त्यामुळे मिस्टर किती चांगले पायलट आहेत याचा इथे काही संबंध नाही. हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगा. त्यांना डोक्याने माहीत आहे, पण मनाला पटत नसतं. मला तरी पटायचं नाही.

मी २००१ च्या वसंतात रुजू झालो. सप्टेंबरात हल्ले झाले आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला मी घरी. यादीत प्रत्येकाची निवृत्तीची तारीख असते आणि तेव्हा वय होतं ६०. मी ती यादी छापून घेतली होती. दर महिन्याच्या एक तारखेला बसायचो आणि जे साठीला पोचले त्यांच्या नावावर पेन्सिलने रेघ मारायचो. कागदाच्या घड्या फाटायला आल्या तेव्हा मागून चिकटपट्टी लावली. २००७ मध्ये बोलावणं आलं तेव्हा वाटलं, गणित बरोबर निघालं. त्याच वर्षी १३ डिसेंबरला कायदा झाला आणि निवृत्तीचं वय ६५ झालं. एका सहीने यादीतल्या सगळ्या तारखा पाच वर्षं पुढे गेल्या. वरून जागा रिकाम्या होणं जवळपास थांबलं. पुढच्या जुलैत तेल १४७ डॉलर पिंपाला गेलं, मागोमाग मंदी आली आणि २००९ मध्ये मी पुन्हा बाहेर. त्या वेळी यादी छापली नाही.

हे एवढं सविस्तर सांगायचं कारण, मिस्टरही असंच काहीतरी मोजत असतील. मोजू द्या. निवृत्त्या हा खरोखरच सगळ्यात भरवशाचा आकडा आहे, कारण पासष्टीला परवाना असो नसो, एअरलाइनच्या कॉकपिटमधून उतरावंच लागतं. पण बाकीचे आकडे त्यांच्या हातात नाहीत. स्पिरिट या अमेरिकेतल्या स्वस्त एअरलाइनचंच बघा. इंजिनांतल्या दोषामुळे त्यांची नवी एअरबस विमानं जमिनीवर बसली, जेटब्लू या दुसऱ्या एअरलाइनबरोबरचं विलीनीकरण जानेवारी २०२४ मध्ये कोर्टाने अडवलं, कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि मधल्या काळात शेकडो पायलट फर्लो झाले. यातली कुठलीच गोष्ट कुठल्याही पायलटच्या उड्डाणामुळे झाली नाही. आणि कंपनीच बुडाली तर नंबरची किंमत शून्य. १९९१ मध्ये ईस्टर्न आणि पॅन ॲम बंद पडल्या तेव्हा वीस-पंचवीस वर्षं उडालेले कॅप्टन दुसरीकडे यादीच्या तळाशी जाऊन बसले. म्हणून पहिला प्रश्न 'रिकॉल कधी' हा नाही, 'कंपनी टिकेल का' हा आहे. तिची तिमाही आकडेवारी वाचा. विमानं वाढतायत की परत जातायत, रोकड किती आहे, हे त्यात मिळतं.

२०२० चं उदाहरण देऊन लोक तुम्हाला धीर देतील. त्या वर्षी १ ऑक्टोबरला अमेरिकन एअरलाइन्स आणि युनायटेड एअरलाइन्सने मिळून ३२ हजारांवर कर्मचारी घरी बसवले, त्यात अमेरिकन एअरलाइन्सचे सुमारे १,६०० पायलट होते. डिसेंबरात सरकारने पगारासाठी पुन्हा पैसे दिले आणि तीन महिन्यांत ते परत आले. दोन वर्षांत तर पायलटची टंचाई झाली. खरं आहे, पण ती लाट सरकारी पैशाने परतवली होती. त्यावरून स्वतःचा अंदाज बांधू नका.

रिकॉल जाहीर झाला तरी तो लगेच पोचत नाही, हेही घरच्यांना माहीत नसतं. कपात होते तेव्हा मोठ्या विमानाचा कॅप्टन लहान विमानावर येतो, तिथला कॅप्टन उजव्या सीटवर, म्हणजे फर्स्ट ऑफिसरच्या जागी सरकतो, असं खालपर्यंत. प्रत्येक सरकण्याला नवं ट्रेनिंग लागतं. परत वर जाताना तेच उलटं. सिम्युलेटर मोजके, शिकवणारे मोजके, म्हणून दर महिन्याला ठरावीक लोकांचीच बॅच निघते. मात्र यात एक दिलासाही आहे. वरचे बरेच जण दुसरीकडे स्थिरावलेले असतात आणि बोलावणं पुढे ढकलतात, त्यामुळे यादी कागदावर दिसते त्यापेक्षा भरभर सरकते. २००७ मध्ये माझ्या वरच्या निम्म्याहून जास्त लोकांनी नकार दिला होता.

आता दुसऱ्या नोकरीबद्दल. मिस्टरांना बहुतेक वाटत असेल की दुसरीकडे गेलो तर हक्क जाईल. सहसा जात नाही. कॉन्ट्रॅक्टमधलं फर्लोचं कलम दोघांनी मिळून वाचा: हक्क किती वर्षं राहतो, पत्र आल्यावर किती दिवसांत उत्तर द्यायचं, किती वेळा पुढे ढकलता येतं. काही एअरलाइन्स नोकरी देताना जुना नंबर सोडल्याचं पत्र मागतात; तेवढ्या एका ठिकाणी सही करण्याआधी युनियनला फोन करा. मी पहिल्या वेळी पहिली दीड वर्षं काहीच केलं नाही. त्याचा मला आजही पश्चात्ताप आहे. पैशापेक्षा नुकसान दुसरंच झालं: कुठेही अर्ज केला की पहिला प्रश्न यायचा, गेल्या बारा महिन्यांत किती तास उडालात? माझ्या लॉगबुकात त्या रकान्यात काहीच नव्हतं. मग रात्रीची कार्गो उडवली, दोन टर्बोप्रॉप इंजिनांच्या छोट्या विमानावर, एकट्याने सामान चढवून-उतरवून. दुसऱ्या वेळी सिम्युलेटरवर शिकवलं. ती चार वर्षं माझ्या आयुष्यातली वाईट वर्षं नव्हती.

मेडिकल, म्हणजे उडायला लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र, चुकवू देऊ नका. वय चाळीसच्या पुढे असेल तर फर्स्ट क्लास मेडिकल सहाच महिने चालतं, आणि उडत नसताना ते नेमकं विसरतं. स्वतःच्या खर्चाने लहान विमान भाड्याने घेऊन इन्स्ट्रुमेंट करन्सी (फक्त उपकरणांवर उडवण्याचा नियमाने लागणारा ताजा सराव) राखली तर उत्तम, परवडत नसेल तर मेडिकल तरी हवंच. आरोग्य विमा कोब्राखाली, म्हणजे नोकरी सुटल्यावरही कंपनीचा विमा चालू ठेवू देणाऱ्या कायद्याखाली, साधारण १८ महिने चालू ठेवता येतो, पण कंपनीचा वाटाही आपल्यालाच भरावा लागतो, वर दोन टक्के. तुमच्या नोकरीतून विमा मिळत असेल तर तो कितीतरी स्वस्त पडेल.

तुमच्या प्रश्नातली एक ओळ माझ्या मनातून जात नाहीये: ते दुपारी बारापर्यंत अंथरुणातून उठत नाहीत. हे आळसाने होत नाही. आणि पायलट डॉक्टरकडे जायला घाबरतात, कारण 'डिप्रेशन' असं कुठे लिहिलं गेलं तर मेडिकल जाईल ही भीती असते. २०१० पासून एफएए (अमेरिकेची सरकारी विमान वाहतूक नियामक संस्था) काही ठरावीक औषधांवर असलेल्या पायलटलाही, पुरेशा तपासणीनंतर, परवानगी देते. वेळ लागतो, पण दार बंद नाही. बऱ्याच युनियनमध्ये पायलटच पायलटशी गोपनीय बोलतात अशी पिअर सपोर्टची सोय असते. डॉक्टर नको म्हणाले तर आधी तिथे फोन करायला सांगा. मला अशाच एका कॅप्टनने दर रविवारी फोन केला, वर्षभर. बोलणं बहुतेक हवामानाचं असायचं.

आणि एक काम आजच करा: कंपनीकडे आणि युनियनकडे तुमचा सध्याचा पत्ता आहे का ते तपासा. माझं २०१३ चं रिकॉलचं रजिस्टर्ड पत्र जुन्या घरी गेलं होतं. तिथल्या नव्या भाडेकरूने शेजाऱ्यांकडून माझा नंबर शोधून फोन केला, तेव्हा उत्तर द्यायला चार दिवस उरले होते.

मिस्टरांचा नंबर, त्यांच्यावर फर्लोमध्ये किती जण आहेत आणि पुढच्या पाच वर्षांतल्या निवृत्त्या किती, एवढं त्यांच्याकडून घेऊन खाली कमेंटमध्ये लिहा. कंपनीचं नाव नको. तेवढ्यावरून किती वर्षांचा हिशेब धरून घर चालवायचं, ते आपण मिळून बघू.