राग आवरायला शिकताय? सुरुवात एवढ्यावर करा

भाऊ, नवीन माणूस बहुतेक एकच चूक करतो. 'आजपासून चिडायचंच नाही' अशी शपथ घेतो, ती मोडते आणि तो नादच सोडतो. शपथ नको.

- उत्तर लांबवा. बांधावरून भावाशी वाजलं तर लगेच वकील गाठू नका. केळीला पाणी सोडून या, मग बोला. रात्री व्हॉट्सॲपवर तर काहीच लिहू नका.
- झोपताना दिवसाचा झाडा घ्या. रोमचा तत्त्वज्ञ सेनेका (मृत्यू इ.स. 65) दिवा गेला, बायको गप्प झाली की हेच करायचा. स्वतःला शिव्या मात्र देऊ नका, तोही रागच.

आयुष्य थोडं आहे, हे नुसतं घोकून काही होत नाही. माणूस डोळ्यासमोर आणा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आपण पितरांची घागर भरतो, वर खरबूज, आंबे ठेवतो. ज्याच्यावर चिडलात त्याच्या नावाने ती भरतोय, असं शांत असताना मनात आणून बघा. फार जड जातं. पण फूटभर बांध केवढा, ते तेव्हा कळतं. हक्क सोडा असं म्हणत नाही. मोजणी मागवा, फक्त बोलणं तोडू नका.

ध्यान, मौन, जाडे ग्रंथ सध्या राहू द्या. महिनाभर एवढंच करा आणि कुठे अडलं ते सांगा.